पिक आउट : आधी विचारा, ‘कशातून?’

दहावीच्या इंग्रजीच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या, तर व्याकरणाच्या प्रश्नात दोन तऱ्हेच्या सूचना दिसतात. एक, ‘चूझ द करेक्ट अल्टर्नेटिव्ह’. दुसरी, ‘पिक आउट द इन्फिनिटिव्ह फ्रॉम द सेन्टेन्स’. शिकवणी वर्गात दोन्हींचं मराठी ‘निवडा’ असंच सांगितलं जातं. पोरं तसंच समजतात, उत्तर बरोबर येतं, मार्क मिळतात. दोन ठिकाणी दोन क्रियापदं का, हा प्रश्न तिथेच राहून जातो.

खरं तर या दोन सूचनांमध्येच सगळं व्याकरण आहे. पहिल्या प्रश्नात चार पर्याय ताटात वाढून ठेवलेले असतात, त्यांतला एक घ्यायचा. दुसऱ्यात पर्याय कोणी मांडलेलेच नाहीत. एक सबंध वाक्य आहे, दहा-पंधरा शब्द एकमेकांना धरून बसलेत, आणि त्यांच्यातून हवा तो हेरून बाहेर काढायचा आहे. आधी ओळखायचं, मग काढायचं. पहिलं ‘चूझ’, दुसरं ‘पिक आउट’.

या क्रियापदाचा सगळा जीव ‘आउट’मध्ये आहे. बाहेर काढायचं म्हटलं की कशाच्या तरी बाहेर काढावं लागतं: ढीग, गर्दी, गठ्ठा, कपाट, उतारा. म्हणून ‘पिक आउट’ वापरण्याआधी स्वतःला ‘कशातून?’ असं विचारायचं. उत्तर लगेच मिळालं तर क्रियापद बेधडक वापरावं. उत्तर शोधायला लागलं तर बहुतेक वेळा तिथे ‘चूझ’ किंवा ‘ऑप्ट फॉर’ हवं असतं.

नागपूरच्या इतवारीतल्या साडीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. गादीवर बसलेल्या काकूंसमोर दुकानदार वीस-पंचवीस साड्या उलगडतो. काकू पदर बघतात, काठ बघतात, उजेडाकडे धरून रंग बघतात आणि त्यातली एक बाजूला ठेवतात. हे इंग्रजीत ‘शी पिक्ट आउट अ ग्रीन सारी’. हेच ‘शी सिलेक्टेड अ सारी’ म्हटलं तर चूक नाही, पण दुकानात निवड समिती बसली होती असा भास होतो. नागपुरात आपण मराठी बोलतानाही ‘सिलेक्ट केली’ म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतही तोच शब्द आधी तोंडात येतो. ‘सिलेक्ट’ संघनिवडीला, नोकरीच्या यादीला, मोबाइलच्या मेनूला शोभतो. साडी, बांगड्या, पडद्याचं कापड, भाच्याच्या वाढदिवसाची भेटवस्तू, लग्नाची अंगठी यांसाठी ‘पिक आउट’ घरचा वाटतो. दुसऱ्यासाठी निवडायचं असेल तर पुढे ‘फॉर’ लावायचा: ‘आय पिक्ट आउट अ गिफ्ट फॉर माय नेफ्यू’.

नुसतं ‘पिक’ यापेक्षा हलकं आहे. पत्त्यांची जादू दाखवणारा ‘पिक अ कार्ड’ म्हणतो, ‘पिक आउट अ कार्ड’ म्हणत नाही, कारण कोणतंही पान चालणार असतं. ‘आउट’ आला की बघणं, ताडणं, तुलना करणं आलं.

शेतातल्या ‘पिक’शीही याची गल्लत होते. काटोल-नरखेडच्या बागेत संत्र्यांची तोडणी चालते, ती ‘पिकिंग ऑरेंजेस’. वावरात कापूस वेचतात, ती ‘पिकिंग कॉटन’. या दोन्ही ठिकाणी ‘आउट’ नाही. तीच संत्री कॉटन मार्केटमधल्या हातगाडीवर आली, आणि गिऱ्हाईक ढिगात हात घालून एकेक फळ तळहातावर तोलून पिशवीत टाकू लागलं, की ते ‘पिकिंग आउट ऑरेंजेस’. (ओघात आलंच आहे तर: आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याअखेरीच्या फुलोऱ्याचं, फळ हंगामाच्या सुरुवातीला सालीवर हिरवट असलं तरी आत गोड असू शकतं, कारण सालीला रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. तेव्हा रंगावर जाऊ नये. आकाराच्या मानाने जड लागतं ते घ्यावं: ‘पिक आउट द हेवी वन्स’.) गाडीवाला दादा जेव्हा ‘निवडानिवड नाही चालणार, सरसकट घ्या’ म्हणतो, त्याला इंग्रजीत जोडशब्द आहे: ‘यू कान्ट पिक अँड चूझ’. इथेही ‘आउट’ लागत नाही.

शब्दांची मुळं पाहिली की हा फरक पक्का बसतो. ‘पिक’च्या मुळाशी टोक आहे, टोचणं आहे. ‘टूथपिक’मध्ये ते अजून जिवंत आहे. चिमणी चोचीने दाणा टिपते ती क्रिया डोळ्यांसमोर आणा. आपलं ‘टिपणे’ याच्या अगदी जवळचं. ‘चूझ’चं मूळ मात्र चव घेण्याशी जोडलेलं आहे, आणि संस्कृतातला ‘जुष्’, म्हणजे आवडणे, उपभोगणे, हा धातू त्याच कुळातला. ‘चूझ’मध्ये आवड पुढे असते, ‘पिक’मध्ये नजर आणि बोटं. आणखी एक नातं मला फार आवडतं. ‘इलेक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्यात ‘बाहेर’ आणि ‘वेचणे’ असे दोन तुकडे आहेत. म्हणजे ‘इलेक्ट’चा शब्दशः अर्थ ‘पिक आउट’. मराठीनेही ‘निवडणे’पासूनच ‘निवडणूक’ केली.

आता रचना. कर्म नाम असेल तर ते ‘आउट’च्या आधीही बसतं आणि नंतरही: ‘पिक आउट द सारी’, ‘पिक द सारी आउट’, दोन्ही बरोबर. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ते मध्येच बसलं पाहिजे: ‘पिक इट आउट’, ‘पिक देम आउट’. ‘पिक आउट इट’ ही चूक वर्गात सर्वांत जास्त ऐकू येते. कारण साधं आहे. पोरं ‘पिक आउट’ हा एक अखंड शब्द म्हणून पाठ करतात आणि त्याला पुढे कर्म जोडतात. पाठ करतानाच ‘पिक समथिंग आउट’ असं करावं, मधली जागा आपोआप लक्षात राहते. कर्म लांबलचक असेल तर उलटं: ‘पिक आउट द वन विथ द रेड बॉर्डर अँड द स्मॉल मँगो डिझाइन’. एवढं सगळं मध्ये कोंबलं तर शेवटच्या ‘आउट’पर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा ‘पिक’ विसरलेला असतो.

भूतकाळाच्या उच्चारात आपण हमखास घसरतो. ‘पिकेड आउट’ नाही, ‘पिक्ड’ही नाही. ‘क’ हा अघोष, म्हणजे उच्चारताना गळा थरथरत नाही असा, म्हणून त्याच्या मागून येणारा प्रत्यय ‘ट’ होतो: ‘पिक्ट’. वर त्याच हिशेबाने लिहिलं आहे. पुढे स्वर आला की हा ‘ट’ त्याला जाऊन चिकटतो: ‘पिक्टाउट’. ‘पिक्ट इट आउट’ भरभर म्हटलं की ‘पिक्टिटाउट’ ऐकू येतं. जोर ‘आउट’वर द्यायचा, ‘पिक’वर नाही. इंग्रजी बातम्या ऐकताना शब्द ओळखीचे असूनही वाक्य निसटतं, त्यामागे हा चिकटपणा बऱ्याचदा असतो.

इथवर वस्तू निवडून घेण्याचा अर्थ झाला. पण या क्रियापदाचं अर्धं आयुष्य डोळ्यांशी निगडित आहे, आणि शिकवणी वर्गात ते अर्धं बहुधा सुटतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे वाईटाला हाकलून लावण्यासाठी केलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडगे, आणि इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नाही. गच्चीवर उभ्या असलेल्या बाईला त्या गर्दीत आपला मुलगा दिसतो: ‘शी कुड पिक आउट हर सन इन द क्राउड’. तिने त्याला निवडलेलं नाही. हेरलं, ओळखलं, नजरेने वेगळं काढलं. ‘कशातून?’ला इथेही उत्तर आहे: गर्दीतून. फक्त हाताचं काम डोळ्यांनी केलं.

दोन्ही अर्थ वेगळे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. हेरण्याच्या अर्थी या क्रियापदाच्या आधी फार वेळा ‘कॅन’ किंवा ‘कुड’ येतो, जसा ‘सी’ आणि ‘हिअर’च्या आधी येतो. ‘आय कॅन पिक आउट द टेम्पल फ्रॉम हिअर’ म्हणजे इथून देऊळ ओळखू येतं. उलट ‘आय अ‍ॅम पिकिंग आउट अ गिफ्ट’ असं चालू काळात आलं की तो निवडण्याचाच अर्थ. रामटेकच्या गडावरून खाली अंबाळ्याची देवळं बोट दाखवून ओळखायची असतील तर पहिलं वाक्य. ओळख परेडमध्ये साक्षीदाराने रांगेतला माणूस ओळखला तर ‘द विटनेस पिक्ट हिम आउट’. याची दुसरी बाजू ‘स्टँड आउट’ आहे: वस्तू स्वतःच उठून दिसते ते ‘स्टँड आउट’, बघणारा तिला हेरतो ते ‘पिक आउट’. पांढऱ्या कपड्यांच्या घोळक्यात एक केशरी फेटा ‘स्टँड्स आउट’, आणि म्हणूनच तो चटकन ‘पिक आउट’ करता येतो.

आवाजालाही हे लागू होतं. भजनी मंडळातल्या कोणी ऐकलेली चाल पेटीवर एकेक सूर चाचपत काढली, तर ते ‘पिकिंग आउट अ ट्यून’. सफाईने वाजवणाऱ्याला हे म्हणत नाहीत, त्याला राग येईल. पाटीवरची अक्षरं सोनेरी रंगाने उठावदार केली असतील तर ‘द लेटर्स आर पिक्ट आउट इन गोल्ड’. हा वापर बहुतेक कर्मणीच असतो आणि वाचनातच भेटतो. बोलण्यात नाही आला तरी काही अडत नाही.

मराठी माणसासाठी खरा सापळा स्वयंपाकघरात आहे. आपण तांदूळ निवडतो, डाळ निवडतो, मेथी निवडतो. ‘काकू तांदूळ निवडताहेत’ या वाक्यात कर्म आहे तांदूळ, म्हणजे ताटात मागे उरणारी, शिजवायची वस्तू. खडे बाहेर जातात, पण वाक्यात त्यांचं नावही नसतं. इंग्रजीतल्या ‘पिक आउट’चं कर्म मात्र नेहमी बाहेर निघणारी वस्तू असते. त्यामुळे ‘शी इज पिकिंग आउट द राइस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला दिसतं, खिचडीतून भाताचं एकेक शीत वेचून बाजूला ठेवणारी बाई. ‘शी इज चूझिंग राइस’ म्हटलं तर त्याला वाटेल बाई किराणा दुकानात उभी आहे, चिन्नोर जातीचा घ्यावा की जय श्रीराम जातीचा या विचारात. दोन्ही वाक्यं व्याकरणाने निर्दोष, आणि दोन्हींत आपल्या मनातलं चित्र नाही.

बरोबर इंग्रजी दोन प्रकारे होतं. खड्यांना कर्म करायचं: ‘शी इज पिकिंग द स्टोन्स आउट ऑफ द राइस’. किंवा तांदळालाच कर्म ठेवायचं, पण क्रियापद बदलायचं: ‘शी इज पिकिंग ओव्हर द राइस’. ‘पिक ओव्हर’ म्हणजे ताटात पसरलेल्या धान्यावरून बोटं फिरवत नको ते काढणं. आपल्या ‘निवडणे’च्या या अर्थाला इतका तंतोतंत जोड मिळणं दुर्मीळ, आणि शाळेच्या यादीत नेमका तोच नसतो. पाककृती इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हा शब्द पाठच करावा: डाळ भिजवण्याआधी ‘पिक ओव्हर द लेंटिल्स, देन रिन्स’. पाखडण्याला वेगळा शब्द आहे, ‘विनो’. त्यात सूप लागतं आणि वारा लागतो, बोटं नाही. मेथीचं आणखी वेगळं. तिथे पानं खुडून दांड्यापासून सोडवायची असतात, म्हणून ‘पिक द लीव्ह्ज ऑफ द स्टॉक्स’. आतून बाहेर काही येत नाही, पृष्ठभागावरून सुटतं, म्हणून ‘आउट’ जाऊन दोन ‘एफ’वाला ‘ऑफ’ आला. संत्रा बर्फीसाठी फोडी सोलून बिया काढतो तेव्हा बी फोडीच्या आत असते, म्हणून पुन्हा ‘पिक आउट द सीड्स’.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. साडी ‘पिक आउट’ केली की ती घरी येते, बी ‘पिक आउट’ केली की ती कचऱ्यात जाते. बाहेर काढलेली वस्तू ठेवायची की टाकायची, हे क्रियापद सांगत नाही, संदर्भ सांगतो. मोघम राहायला नको असेल, फक्त नको तेच काढायचं आहे हे दाखवायचं असेल, तर ‘वीड आउट’ आहे. हे अक्षरशः आपलं निंदण. शंभर अर्जांतले अपुरे अर्ज बाजूला काढणं म्हणजे ‘वीडिंग आउट इन्कम्प्लीट अ‍ॅप्लिकेशन्स’. निंदण कळणाऱ्या विदर्भातल्या पोराला हा शब्द एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

‘पिक’च्या बाकी भावंडांपैकी जपायचं ते ‘पिक ऑन’ला. ‘द टीचर पिक्ट मी’ म्हणजे बाईंनी मला निवडलं, आनंदाची गोष्ट. ‘द टीचर पिक्स ऑन मी’ म्हणजे बाई माझ्याच मागे लागतात, तक्रारीची गोष्ट. एका ‘ऑन’ने पालकसभेचा रंग बदलतो. ‘सिंगल आउट’ दोन्हींच्या मध्ये बसतो: अनेकांतून एकट्यालाच वेगळं काढणं, कधी कौतुकासाठी, कधी रागावण्यासाठी, कशासाठी ते पुढे ‘फॉर’ लावून सांगतात. ताटातलं नुसतं चिवडणाऱ्या पोरासाठी ‘पिक अ‍ॅट’. ‘पिक अप’ सगळ्यांना येतं, मात्र घाईत ‘पिक आउट द फोन’ म्हणणारे भेटतात. फोन कशातून बाहेर येत नाही, उचलला जातो.

‘पिक आउट’ जिथे अजिबात बसत नाही ती जागा म्हणजे आयुष्याचे निर्णय. ‘आय पिक्ट आउट टू स्टडी इन पुणे’ हे इंग्रजी नाही, कारण या क्रियापदापुढे ‘टू’ लावून क्रिया जोडता येत नाही. ‘आय चोझ टू स्टडी’ किंवा ‘आय डिसायडेड टू स्टडी’. (‘चूझ’चा भूतकाळ ‘चोझ’, पुढे ‘चोझन’, ‘चूज्ड’ असं रूपच नाही.) दोनच गोष्टी समोर असतील तर ‘चूझ बिट्वीन’, दोघांत गर्दी होत नाही, मग बाहेर कशातून काढणार?

अकरावीला शाखा घेताना ‘ऑप्ट फॉर’ लागतो आणि तिथे एक चूक सगळीकडे पसरली आहे: ‘ही ऑप्टेड सायन्स’. ‘फॉर’ गाळता येत नाही. ‘ही ऑप्टेड फॉर सायन्स’. अर्जात, बायोडाटात, मुलाखतीत हे चुकलं की लगेच नजरेत भरतं. ‘ऑप्ट आउट’ म्हणजे अंग काढून घेणं, आणि पुढे वस्तू आली की एका ‘एफ’चा ‘ऑफ’ जोडायचा: ‘ऑप्ट आउट ऑफ द स्कीम’. टपरीवर चर्रीबुंदी घ्यावी की तर्री पोहे, एवढ्याशा निवडीला ‘ऑप्ट’ जड होतो. तिथे ‘आय विल गो फॉर तर्री पोहे’.

‘सेटल ऑन’ आणि ‘सेटल फॉर’ यांत मात्र शब्दाचा फरक दिसतो त्याहून अर्थाचा फरक मोठा आहे. बराच विचार करून एका गोष्टीवर येऊन थांबलो, की ‘सेटल ऑन’. हवं होतं ते मिळालं नाही म्हणून आहे त्यात भागवलं, की ‘सेटल फॉर’. ‘आय सेटल्ड ऑन कॉमर्स’ म्हणणारा विचारी वाटतो. ‘आय सेटल्ड फॉर कॉमर्स’ म्हणणाऱ्याने, विचारलं नसताना, विज्ञानाला नंबर लागला नाही हे सांगून टाकलेलं असतं. मुलाखत घेणाऱ्याचा पुढचा प्रश्न मग त्यावरच येतो. लग्नाच्या बोलण्यात तर आणखी सांभाळावं: ‘वी सेटल्ड ऑन द नागपूर फॅमिली’ हे सोयरिकीचं वाक्य आहे, ‘सेटल्ड फॉर’ म्हटलं तर व्याह्यांच्या कानावर न गेलेलं बरं.